वाचकांचे प्रश्न : बाणाला पिसं लावायला जिग कोणता घ्यावा?

बाणाची पिसं घरीच चिकटवण्याबद्दल कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. जिग म्हणजे बाण आणि पीस दोन्ही धरून ठेवणारं, आणि बाण ठरावीक अंशात फिरवून पुढचं पीस बरोबर जागेवर आणणारं साधन. प्लॅस्टिकची वेन असो की टर्कीचं खरं पीस, सोयीसाठी खाली दोन्हींना पीसच म्हटलं आहे.

प्रश्न : २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने सुवर्ण जिंकलं, ते बघून माझ्या मुलीनेही कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, धनुष्य हातात घेतलं. तिचे डझनभर कार्बनचे बाण आहेत. आठवड्याला दोन-तीन पिसं उखडतात आणि दर वेळी बाण बाहेर देऊन वाट बघत बसावं लागतं. तिन्ही पिसं एका दमात चिकटवणारा जिग घ्यावा, की एकेक पीस चिकटवणारा? — एक पालक, राजारामपुरी

एकेक पीस चिकटवणारा घ्या. तुमचं काम मुख्यतः दुरुस्तीचं आहे आणि दुरुस्तीला हाच प्रकार सोयीचा. बाणावर दोन पिसं शाबूत असतात, ती आधी दुसऱ्या कुठल्या तरी जिगवर चिकटवलेली असतात. तिन्ही पिसांच्या जिगच्या फटी ठरलेल्या कोनात असतात. तुमच्या बाणावरची जुनी दोन पिसं त्या फटींत बसतीलच असं नाही.

बाजारात साधारण तीन जाती मिळतात. पहिली, एक बाण आणि एक क्लॅम्प, म्हणजे पीस धरणारा चिमटा. बिट्झेनबर्गर हा यातला सगळ्यात नावाजलेला, आणि बोहनिंगचा प्रो क्लासही याच जातीचा. दुसरी, एक बाण आणि तीन हात, ॲरिझोना ईझी फ्लेचसारखी. हात मिटले की तिन्ही पिसं एकदम शाफ्टला, म्हणजे बाणाच्या दांड्याला, टेकतात. तिसरी, सहा बाण शेजारी शेजारी धरणारी, जो-जान मल्टी फ्लेचरसारखी. ती क्लबला किंवा दुकानाला परवडते, घरात तिची गरज नाही.

वेळेचा हिशेब मात्र आधी करा, कारण तो गोंदावर ठरतो. १२ बाणांना ३६ पिसं लागतात. जुन्या पद्धतीच्या सॉल्व्हंट गोंदाला क्लॅम्पमध्ये दहा मिनिटं तरी द्यावी लागतात. म्हणजे एका क्लॅम्पवर ३६० मिनिटं, पूर्ण सहा तास. तेच काम तीन हातांच्या जिगवर दोन तासांत होतं आणि सहा बाणांच्या जिगवर एका तासात. पण सायनोॲक्रिलेट, म्हणजे सुपरग्लूच्या जातीचा फ्लेचिंग ग्लू वापरला तर पीस अर्ध्या-एक मिनिटात धरतं. ठेवाठेव धरून पिसाला दोन मिनिटं लागतात असं म्हटलं, तरी अख्खा डझन सव्वा तासात उरकतो. प्लॅस्टिकच्या पिसांना हाच गोंद चालतो, त्यामुळे एकेरी जिग संथ असतो ही तक्रार तुमच्या बाबतीत उरतच नाही.

दुरुस्ती अशी करा. उखडलेल्या जागेवरचा जुना गोंद बोथट पात्याने, पातं जवळजवळ आडवं धरून, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने खरवडा. धारदार कटर उभा धरला तर कार्बनचे तंतू कापले जातात आणि तिथूनच शाफ्ट चिरतो. साफ झाल्यावर दोन्ही टोकं धरून बाण सगळ्या बाजूंनी थोडा थोडा वाकवून बघा. कटकट आवाज आला, चीर दिसली किंवा तंतू हाताला टोचले, तर तो बाण पुन्हा धनुष्याला लावायचा नाही. जोरदार कंपाउंडवर चिरलेला शाफ्ट सुटताना फुटला की तुकडे थेट हातात घुसतात.

बाण ठीक असेल तर जिगमध्ये बसवा आणि शाबूत पिसांपैकी एक क्लॅम्पसमोर आणा. आता जिगचे कोन बदलणारे, पुढचा आणि मागचा, असे दोन्ही स्क्रू हलवत राहा. क्लॅम्प त्या पिसावर सहज मिटला पाहिजे, पीस जराही वाकता किंवा ओढलं जाता कामा नये. तसं जमलं की स्क्रू घट्ट करा आणि बाण एक घर फिरवा. रिकामी जागा आपोआप समोर येते, आणि नवं पीस जुन्यांच्याच कोनात बसतं. यामुळे कोन मोजत बसावं लागत नाही.

घेण्यापूर्वी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा : शाफ्ट किती मिलिमीटरचा चालतो, तुमच्या नॉकच्या (बाणाच्या मागच्या टोकाची, तार बसायची खाच) मापाचा रिसीव्हर (जिगमधली नॉकची बैठक) सोबत येतो का, आणि क्लॅम्प सरळ आहे की हेलिकल, म्हणजे पिळाचा. तीन हातांच्या जिगमध्ये तर हात ठरावीक जाडीच्या शाफ्टसाठीच केलेले असतात, तिथे माप न विचारता पैसे देऊ नका.

प्रश्न : मी रिकर्व्हवर (टोकं पुढे वळलेल्या धनुष्यावर) ७० मीटर खेळतो. स्पिन विंग लावतो. मला जिग लागेल का? — कसबा बावडा

क्लॅम्पचा जिग लागणार नाही. स्पिन विंग हे पातळ, वळलेल्या पत्र्यासारखं पीस असतं. ते दुहेरी चिकटपट्टीवर बसतं आणि दोन्ही टोकांना बारीक टेपचा वेढा द्यावा लागतो. क्लॅम्पमध्ये धरायला गेलात तर त्याचा बाकच चेपला जाईल. तुम्हाला हवं आहे रेघा मारायचं साधन. त्यात बाण नॉकवर बसतो, १२० अंशांनी फिरतो आणि पेन शाफ्टला समांतर सरकतं. बायटरचं ट्राय-लायनर हे याच कामासाठी केलेलं आहे.

तीन बारीक रेघा मारा. नॉकच्या खाचेच्या तळापासून २५ ते ३० मिलिमीटरवर मागच्या टोकाची आडवी खूण करा. तार ओढताना बोटं आणि हनुवटी पिसाला लागत असतील तर खूण आणखी पुढे घ्या. चिकटपट्टीची कड रेघेला लावून ती नखाने दाबा, मग पिसाची कड तिच्यावर टेकवा. एकदा टेकलेलं पीस उचलून परत लावू नका, पट्टीची पकड अर्ध्यावर येते. शेवटी पुढे-मागे टेपचे दीड ते दोन वेढे द्या. पावणेदोन इंची स्पिन विंग उजव्या आणि डाव्या वळणाची मिळतात. उजव्या हाताने खेळणारे बहुतेक जण उजवीच लावतात. काहीही लावा, पण एका संचात दोन्ही वळणं मिसळू देऊ नका.

रेघेचं पेन फार जाड नको. अर्ध्या मिलिमीटरची रेघही पातळ शाफ्टवर कडेपासून कडेपर्यंत बरंच अंतर खाते. म्हणून पट्टी कायम रेघेच्या एकाच बाजूला लावायची, हे सुरुवातीलाच ठरवून टाका.

प्रश्न : एका खेळाडूने खेळ सोडला, त्याचा जुना जिग मला स्वस्तात मिळतोय. घ्यायच्या आधी काय बघू? — रंकाळा परिसर

हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत. चांगल्या एकेरी जिगमध्ये झिजण्यासारखं फार थोडं असतं. तो वर्षानुवर्षं चालतो, म्हणून जुना घ्यायला हरकत नाही. फक्त हातात घेऊन तपासा. जाताना सोबत एक सरळ, पीस नसलेला बाण, बारीक टोकाची पेन्सिल, कागदी मास्किंग टेप आणि शक्यतो व्हर्नियर न्या.

आधी रिसीव्हर बघा. बाण बसवा आणि पुढचं टोक धरून हलकेच पिळून बघा. बाण नॉकपाशी डावी-उजवीकडे डुलत असेल, तर नॉक आणि रिसीव्हर यांच्यात फट आहे. ही फट म्हणजे जिगचा सगळ्यात मोठा दोष. क्लॅम्प कितीही चांगला असला तरी प्रत्येक बाण थोड्या वेगळ्या कोनात बसतो. फट रिसीव्हरच्या झिजेमुळे आहे की तुमच्या नॉकचं माप वेगळं आहे, हे दुसऱ्या मापाचा नॉक लावून लगेच कळतं. माप वेगळं असेल तर नवा रिसीव्हर मिळतो का, ते विचारा.

मग रेघेची परीक्षा करा. शाफ्टच्या मागच्या भागाला मास्किंग टेपचा एकच वेढा द्या. क्लॅम्प जागेवर बसवा, त्याच्या ओठाला पेन्सिल टेकवून टेपवर रेघ ओढा. क्लॅम्प काढा, बाण एक घर फिरवा, क्लॅम्प परत बसवा, दुसरी रेघ ओढा. तिसरीही तशीच. आता आणखी एक घर फिरवलं की बाण पहिल्या जागी येतो. पुन्हा रेघ ओढा. ती पहिल्या रेघेवरच पडली पाहिजे. हे चार-पाच वेळा करून बघा. रेघ पेन्सिलच्या जाडीपेक्षा जास्त सरकत असेल तर जिग सोडून द्या.

टेप सोडवून सपाट काचेवर चिकटवा आणि रेघांमधली अंतरं मोजा. साडेपाच मिलिमीटरच्या शाफ्टचा परीघ १७.३ मिलिमीटर, म्हणजे दोन रेघांत ५.७६ मिलिमीटर असायला हवेत. पाव मिलिमीटरचा फरक दिसला तर एवढ्या पातळ शाफ्टवर तो पाच अंश होतो. ऐकायला मोठा वाटतो, पण प्रत्येक बाणावर तोच फरक त्याच जागी येत असेल तर निशाण्यावर त्याचा त्रास जवळजवळ नाही. त्रास होतो तो बाणागणिक बदलणाऱ्या फरकाचा. एक बाण डावीकडे आणि एक उजवीकडे जाऊ लागला की खेळणारा स्वतःच्या रिलीजला, म्हणजे तार सोडण्याला, दोष देत बसतो. जिग महाग आहे की साधा, जुना की नवा, यापेक्षा तो तीच गोष्ट पुन्हा पुन्हा तशीच करतो का, एवढंच पारखायचं.

शेवटी क्लॅम्प. मिटलेला क्लॅम्प उजेडासमोर धरा, ओठांमधून कुठेही प्रकाश दिसता कामा नये. वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी पुढच्या टोकाला, मध्ये आणि मागच्या टोकाला अडकवून ओढा. तिन्हीकडे पकड सारखी लागली पाहिजे. ओठांवर वाळलेल्या गोंदाचे खडे असतील तर ते साफ होतात, त्यासाठी किंमत पाडून मागायला हरकत नाही. वाकलेला क्लॅम्प मात्र सरळ होत नाही. क्लॅम्प धरणारं चुंबक सैल पडलं असेल तर ते पुन्हा चिकटवता येतं.

प्रश्न : आमचा लेथचा छोटा कारखाना आहे. हे काम बघितल्यावर वाटतं, जिग आपणच का करू नये? — शिवाजी उद्यमनगर

जरूर करा, उद्यमनगरात ज्याला जॉब कळतो त्याला हे अवघड नाही. मात्र कोणत्या भागाला किती काटेकोरपणा लागतो, ते ओळखून वेळ खर्च करा.

घरं पाडणारी चकती सोपी आहे. ४० ला १ च्या डिव्हायडिंग हेडवर तीन भागांसाठी १३ पूर्ण फेरे आणि वर एक तृतीयांश फेरा, म्हणजे १८ भोकांच्या वर्तुळावर ६ भोकं. चार पिसांसाठी सरळ १० फेरे. चकतीच्या कडेला खळगे पाडा आणि स्प्रिंगवरचा छर्रा त्यात बसू द्या. कोनात एखादा अंश इकडे-तिकडे झाला तरी साडेपाच मिलिमीटरच्या शाफ्टच्या पृष्ठावर तो ०.०५ मिलिमीटरसुद्धा होत नाही. चकतीच्या बेअरिंगमध्ये मात्र खेळ नको. बुश आणि पिनचं फिट नीट सरकतं पण डुलत नाही, असं ठेवा.

खरी मेहनत दोन जागी आहे. पहिली म्हणजे शाफ्टचा वरचा आधार. तो ९० अंशांचा व्ही ब्लॉक ठेवा आणि शाफ्ट त्यात प्रत्येक वेळी एकाच दिशेने टेकेल असं करा. दुसरी म्हणजे क्लॅम्प. त्याचे ओठ शाफ्टच्या अक्षाला समांतर हवेत आणि सगळ्या लांबीत एकसारखे मिटायला हवेत. पुढे-मागे कोन बदलण्यासाठी बेसला दोन स्क्रू द्या, आणि त्यावर आकडे नसले तरी खुणा कोरा. त्याशिवाय सहा महिन्यांनी तीच सेटिंग सापडणार नाही.

हेलिकल क्लॅम्पच्या नादाला आधी लागू नका. त्याचे ओठ पिळाच्या वक्रात लागतात, आणि ते हाताने फाइल मारून दोन्ही बाजू जुळवणं हे डायमेकरचं काम आहे. क्लॅम्प विकत आणा आणि बेस स्वतः करा, हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. नॉकची बैठकही विकतची लावा, कारण नॉकची खाच आणि बैठक यांचं फिट हातमापाने साधत नाही.

थ्रीडी प्रिंटरवर करायचा विचार असेल तर पीएलए टाळा. हे प्लॅस्टिक साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तेवढी उष्णता सहज होते. एकदा पिळवटलेला बेस डोळ्याला सरळच दिसतो, बाण मात्र बिघडवत राहतो.

प्रश्न : सरळ, ऑफसेट की हेलिकल? आणि डावीकडे की उजवीकडे? जिग घेताना क्लॅम्प निवडावा लागतो म्हणून विचारतो. — इचलकरंजी

सरळ क्लॅम्प घ्या आणि एक ते दोन अंशांचा ऑफसेट द्या. बहुतेकांचं काम तेवढ्यावर भागतं.

ऑफसेट म्हणजे पीस सरळच, पण शाफ्टच्या रेषेला थोडं तिरकं. पन्नास मिलिमीटर लांबीच्या पिसाला एक अंश द्यायचा तर त्याचं पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा ०.८७ मिलिमीटर बाजूला जातं. दोन अंशांना पावणेदोन मिलिमीटर. पातळ शाफ्टवर पावणेदोन मिलिमीटर ही मर्यादाच समजा. त्यापुढे पिसाचा पाया शाफ्टच्या गोलाईवरून घसरतो, एक कड वर राहते आणि तिथेच गोंद सुटतो.

हेलिकलमध्ये पीस शाफ्टभोवती वळतं. बाण लवकर फिरू लागतो आणि रुंद टोकाचा बाणही स्थिर राहतो, पण हवेचा अडथळा वाढतो, लांबच्या अंतराला बाण थोडा खाली बसतो. त्याला जाडसर शाफ्ट आणि मऊ पायाचं पीस लागतं. नऊ मिलिमीटरच्या इनडोअर शाफ्टवर ते छान बसतं. जागतिक नियमांत शाफ्टची कमाल जाडी ९.३ मिलिमीटर आहे, हेही जाता जाता लक्षात ठेवा. चार-पाच मिलिमीटरच्या शाफ्टवर जोरदार हेलिकल द्यायला गेलात तर पुढचं आणि मागचं टोक उचललेलं राहतं.

दिशेबद्दल : स्क्रूने बसणारी पॉइंट (बाणाचं पुढचं टोक) वापरत असाल तर उजवा पीळ द्या. उजवीकडे फिरणारा बाण निशाण्यात घुसतो तेव्हा पॉइंट आवळली जाते. डावीकडे फिरणाऱ्या बाणाची पॉइंट थोडी थोडी सैल होत जाते आणि काढताना मॅटमध्येच राहते. काही कंपाउंड धनुष्यं पीस नसलेला बाण मुळातच डावीकडे फिरवतात. बिनपिसाच्या बाणाच्या नॉकवर खूण करून दोन-तीन मीटरवरून मॅटमध्ये मारलात तर तुमच्या धनुष्याचा कल दिसेल. तो पाळायचा म्हणून डावा पीळ दिलात तर दर फेरीनंतर पॉइंट आवळायची सवय लावा.

कोन ठरवल्यावर पिसांना टाल्कम पावडर लावून बाण मारा. रेस्टवर (धनुष्यावर बाण टेकवायचा आधार) किंवा केबलवर पावडरीचा पट्टा उठला तर पीस घासतंय. अशा वेळी नॉक थोडा फिरवा, जिगला हात लावू नका.

प्रश्न : राधानगरीच्या पावसात पिसं धडाधड सुटतात. गोंद बदलू का? — राधानगरी

गोंद बदलायच्या आधी शाफ्ट पुसायची पद्धत बदला. पीस सुटतं तेव्हा गोंद कुठे राहिला ते बघा. गोंदाची पट्टी पिसाला चिकटून आली असेल तर शाफ्ट अस्वच्छ होता. पट्टी शाफ्टवरच राहिली असेल तर पिसाच्या पायाला साच्याचं तेल होतं किंवा ते पीस त्या गोंदाचं नव्हतं. दोन्हीकडे अर्धी-अर्धी असेल तर गोंद जुना झालाय, किंवा दाबलेलं असताना पीस हललंय.

शाफ्टचा मागचा भाग बारीक स्कॉचब्राइटने फक्त चमक जाईपर्यंत घासा. कार्बनची धूळ नाकात जाऊ देऊ नका, ओल्या फडक्याने टिपा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ कापडावर घेऊन पुसा. कापड काळं येणं थांबेपर्यंत पुसायचं. यानंतर तिथे बोट लावायचं नाही. ॲसिटोन नॉकला लागू देऊ नका, पॉलिकार्बोनेटचा नॉक त्याने तडकतो आणि ती चीर तार सोडतानाच कळते. पिसाचा पाया पुसायचा की नाही, ते पाकिटावर वाचा. काही पिसांच्या पायावर आधीच प्रायमर असतो, तो पुसून टाकला तर नुकसानच.

पावसाळ्यात सायनोॲक्रिलेटचा स्वभाव ध्यानात घ्या. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर तो जास्त लवकर धरतो. गोंद लावल्यावर रेंगाळलात तर वरचा थर आधीच धरलेला असतो आणि पीस नुसतं वर टेकून राहतं. म्हणून क्लॅम्प हातात तयार ठेवा, गोंदाची जेमतेम एक मिलिमीटर रुंद रेघ ओढा आणि लगेच टेकवा. कडेला पांढरी भुकटी उठत असेल तर गोंद जास्त झालाय. बाटली हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, आणि काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. थंड बाटलीत ओलावा गेला की आठवड्याभरात गोंद दाट होतो.

पीस तीस सेकंद सरळ खाली दाबून ठेवा, मग क्लॅम्प उघडा. उघडताना वर ओढू नका, आधी ओठ सोडवा आणि मग क्लॅम्प बाजूला घ्या. डझन पूर्ण झाला की प्रत्येक पिसाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला गोंदाचा एकेक थेंब द्या. मॅटमधून आरपार जाताना पीस पुढच्या टोकापासूनच सोललं जातं, तो थेंब ते अडवतो.

प्रश्न : मी बांबूच्या धनुष्यावर लाकडी बाण मारतो. खरी पिसं लावायची आहेत. कार्बनवाल्यांचा जिग मला चालेल का? — भुदरगड

चालेल, पण एकेरी आणि कोन बदलता येणाराच. तीन हातांचा तुमच्या कामाचा नाही, कारण लाकडी आणि बांबूचे शाफ्ट एकसारख्या जाडीचे नसतात. काम सुरू करण्यापूर्वी व्हर्नियरने मागच्या टोकाची जाडी मोजून शाफ्टचे गट पाडा आणि एका गटासाठी एक सेटिंग ठेवा.

तुमची खरी अडचण नॉकपाशी येईल. शाफ्टमध्येच कापलेली खाच दर बाणाला कमी-जास्त रुंद होते आणि रिसीव्हरमध्ये डुलते. हॅकसॉची दोन-तीन पाती टेपने एकत्र बांधून एकाच कापात खाच पाडा, म्हणजे रुंदी सारखी राहते. लाकडात खाच रेषांच्या आडवी घ्या. बांबूत खाचेच्या लगेच पुढे पेर येईल असं बघा आणि वर दोऱ्याचा घट्ट वेढा द्या, नाहीतर तार खाच फाडत जाते.

पिसं एका पंखाचीच हवीत. डाव्या पंखाच्या पिसाचा बाक उजव्यापेक्षा उलटा असतो, दोन्ही मिसळली तर बाण गोंधळतो. उजव्या पंखाची पिसं असतील तर उजवा क्लॅम्प किंवा उजवा ऑफसेट, डाव्याची असतील तर डावा. पाकिटावर पंख लिहिलेला असतो. तयार टर्कीची पिसं घ्या. घार, गिधाड असल्या वन्य पक्ष्यांची पिसं गोळा करू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ त्याच्या आड येतो.

लाकडाला आधी सीलर किंवा वार्निशचा पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, आणि तुमचा गोंद त्या वार्निशला विरघळवत नाही ना, हे एका तुकड्यावर बघा. पिसांना सॉल्व्हंट गोंद चांगला. क्लॅम्पमध्ये १५ मिनिटं ठेवा, घाई करू नका. पुढच्या टोकाला पिसाचा कणा तिरका छाटून शाफ्टला टेकवा, त्यावर रेशमी दोरा गुंडाळून गोंदाचा हात द्या. रेस्टशिवाय, मुठीवरून बाण सोडणाऱ्यांनी हे टाळूच नये. वर आलेला कणा सुटताना अंगठ्याच्या मुळाशी सरळ चिरा पाडतो.

प्रश्न : वेगळ्या रंगाचं पीस नॉकच्या खाचेच्या तुलनेत कुठे असावं? जिग त्याप्रमाणे घ्यावा लागतो का? — कागल

रिकर्व्हवर ते धनुष्याच्या उलट बाजूला, म्हणजे खाचेच्या रेषेला काटकोनात असतं. कंपाउंडवर बहुतेक वेळा वर किंवा खाली, खाचेच्या रेषेत. दाबून बसणारा नॉक असेल तर पिसं चिकटवल्यावर नुसता नॉक फिरवून जुळवता येतो, त्यासाठी वेगळा जिग नको. चिकटवलेला किंवा कापलेला नॉक असेल तर रिसीव्हर ९० अंश फिरवता येतो का, ते घेतानाच बघा. आणि स्पर्धेत उतरणार असाल तर एका फेरीत वापरायच्या सगळ्या बाणांचा पिसांचा रंग आणि मांडणी सारखी लागते, शाफ्टवर तुमचं नाव किंवा आद्याक्षरंही लागतात. म्हणून पिसांचं एक पाकीट जास्तीचं त्याच रंगाचं आजच घेऊन ठेवा, उद्या तो रंग दुकानात मिळेलच असं नाही.